दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. रविवारची सकाळ होती. डोंबिवलीत रविवारच्या सकाळी बेल वाजली की ती पेपरवाल्याची तरी असते, नाहीतर सोसायटीच्या सेक्रेटरीची. दार उघडले तर आमच्याच इमारतीतले दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ उभे. मागे त्यांची बारावीतली मुलगी. मुलीचा चेहरा रडून उतरलेला, बापाचा रागाने चढलेला.

"काका, तुम्ही बँकेत होतात, चार पुस्तकंही लिहिलीत. आता तुम्हीच हिला सांगा," ते म्हणाले. "कॉमर्सला जाऊन सीए करायचं सोडून ही म्हणते, दिल्लीला जाऊन चिनी शिकणार. चिनी! तीन वर्षं! आणि परत येऊन काय, फडके रोडवर चायनीजची गाडी टाकणार?"

आतून माझी पत्नी चहा घेऊन आली. तिला हसू आले आणि ते तिने दाबले. मुलगी मात्र हसली नाही. खाली मान घालून म्हणाली, "आजोबा, तुम्ही फक्त ऐकून घ्या."

मी ऐकून घेतले. तिने शाळेत असल्यापासून चिनी मालिका पाहून काही शब्द उचलले होते. मग एका वहीत तीनेकशे अक्षरे गिरवली होती. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चिनी भाषेची पदवी घेता येते, २०२२ पासून तिथला प्रवेश सामायिक परीक्षेतून होतो, शांतिनिकेतनात १९३७ पासून चीन भवन आहे, दिल्ली विद्यापीठात पूर्व आशियाचा विभाग आहे, ही सगळी माहिती तिने स्वतःच काढली होती. फी फार नाही, हेही तिने बापाच्या आधी हिशेब मांडून दाखवले. मुलगी पक्की डोंबिवलीकर! गाडी कुठल्या डब्यापाशी थांबणार हे ठाऊक असल्याखेरीज ती फलाटावर उभी राहणार नाही.

मी त्या दिवशी लगेच काही बोललो नाही. "आठ दिवस द्या," म्हटले. त्या गृहस्थांना वाटले, म्हातारा विचार करतोय. खरे म्हणजे मला एक जुना अर्ज आठवत होता.

दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षे असतील. मी कल्याणच्या एका शाखेत कर्ज विभागात होतो. शैक्षणिक कर्जाची योजना तेव्हा नवी होती. चार लाखांपर्यंत तारण लागत नसे. इंजिनीअरिंगच्या, एमबीएच्या मुलांचे अर्ज आम्ही डोळे मिटून पुढे सरकवायचो. एक दिवस एक मुलगा आला. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये. त्याच्या हातात बीजिंगच्या एका विद्यापीठाचे प्रवेशपत्र होते, चिनी भाषेचे. मी त्याला विचारले, "पुढे नोकरी कोण देणार?" तो म्हणाला, "साहेब, आज नाही सांगता येत." कर्जाच्या अर्जावर असे उत्तर चालत नाही. मी शेरा मारला, 'परतफेडीची शक्यता अस्पष्ट'. वर सल्लाही दिला की, बाबा रे, त्यापेक्षा जावा शीक. तो 'बरं' म्हणून गेला. पुन्हा आला नाही. त्याचे पुढे काय झाले, मला माहीत नाही. नियमाने मी चुकलो नव्हतो. पण तो 'अस्पष्ट' शब्द मला अजून टोचतो, कारण अस्पष्ट काय होते? त्याचे भविष्य, की माझी नजर?

तर हा लेख त्या मुलीच्या बापासाठी आहे आणि थोडा त्या मुलासाठीही. आक्षेप नेहमीचेच आहेत. एकेक घेऊ.

पहिला आक्षेप : उपयोग काय? आपण मध्यमवर्गीय माणसे या प्रश्नापासून फार लांब जात नाही आणि त्यात लाज वाटण्यासारखेही काही नाही. म्हणून बँकेतलीच गोष्ट सांगतो. डोंबिवलीच्या एमआयडीसीतला एक छोटा कारखानदार आमचा खातेदार होता. रंगासाठी लागणारी रसायने तो चीनहून आणायचा. त्यासाठी बँक एलसी उघडून द्यायची. एलसीचा नियम असा की, बँक व्यवहार करते तो कागदांशी, मालाशी नाही. कागद चोख असले की पैसे द्यावेच लागतात, मग पिंपात रसायन असो की पाणी. एकदा कागद चोख आले, आम्ही पैसे दिले आणि माल निघाला दुसऱ्या प्रतीचा. गंमत, म्हणजे क्रूर गंमत अशी की, जहाज निघायच्या आधीच त्या पिंपांचे फोटो त्याच्याकडे आले होते. पिंपांवर प्रत लिहिलेली होती, स्वच्छ, ठळक, चिनी अक्षरांत. ती वाचणारा एकही माणूस ना त्याच्या कारखान्यात होता, ना आमच्या बँकेत, ना त्याच्या ओळखीत. माझ्यासमोर बसून तो म्हणाला, "साहेब, चोरानं चोरी सांगून केली हो. मला वाचताच आली नाही." त्या वर्षी त्याने सहा कामगार कमी केले.

तो एकटा नव्हे. २०२४-२५ या एका वर्षात भारताने चीनकडून ११३ अब्ज डॉलरहून अधिक किमतीचा माल घेतला आणि दोन्ही देशांच्या व्यापारातली आपली तूट ९९ अब्जांच्या घरात गेली. औषधांचा कच्चा माल, मोबाइलचे सुटे भाग, सौरऊर्जेची पॅनेले, दिवाळीच्या माळा! ज्याच्याकडून एवढा माल घ्यायचा, त्याच्या भाषेत करारातली बारीक ओळ वाचणारी माणसे आपल्याकडे किती? मालावर बहिष्कार घाला म्हणणाऱ्यांनाही, काय आणि कसे थांबवायचे हे ठरवायला, आधी तिकडचे कारखाने काय छापतात ते वाचावेच लागेल.

कोणी म्हणेल, आता फोनच भाषांतर करतो. करतो खरा आणि पिंपावरची चार अक्षरे आज त्याने वाचलीही असती. पण आमच्या बँकेत नोटा मोजायचे यंत्र आले, तरी खोटी नोट जुन्या कॅशियरच्या अंगठ्यालाच कळायची. समोरचा 'बघू' म्हणाला, त्यात होकार किती आणि नकार किती, हे यंत्र सांगत नाही. मराठीतला 'बघू' आठवा, म्हणजे पटेल.

दुसरा आक्षेप मुलीच्या आईचा होता. त्या हळूच म्हणाल्या, "काका, शत्रूची भाषा कशाला?" हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. १९६२ साली मी पाळण्यात होतो. पण आईने त्या युद्धात संरक्षण निधीला हातातली एक बांगडी दिली होती. उरलेली एक ती शेवटपर्यंत एकटीच घालायची. जोड केली नाही. जून २०२० मध्ये गलवानला आपले वीस जवान गेले, तेव्हा मला आईचा तो हात आठवला. राग खराच आहे आणि तो विसरावा असे मी म्हणत नाही.

पण रागावलेल्या माणसाने कान बंद करावेत, हे कुठल्या शहाणपणात बसते? आपल्या शिवाजी महाराजांचे हेर शत्रूच्या मुलखात वावरत ते काही मौनव्रत धरून नव्हे. १९४७ साली भारतातून काही विद्यार्थी शिकायला बीजिंगला गेले. त्यात वसंत परांजपे नावाचे एक मराठी तरुण होते. १९५४ च्या ऑक्टोबरात पंडित नेहरू माओंना भेटले, तेव्हा दोघांच्या मधे दुभाषा म्हणून हा आपला माणूस होता. अलीकडचे पाहा. २०१६ ते २०१८ या काळात बीजिंगमधले आपले लागोपाठचे दोन राजदूत, विजय गोखले आणि गौतम बंबावाले, दोघेही मराठी. गोखले चिनी उत्तम जाणणारे. १९८९ मध्ये तिआनानमेन चौकात जे घडले, तेव्हा ते तरुण अधिकारी म्हणून बीजिंगमध्येच होते आणि २०२१ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. हे लोक चीनच्या प्रेमात पडले म्हणून चिनी शिकले नाहीत. समोरचा काय बोलतो हे त्याच्याच तोंडून कळावे, मधल्या माणसाच्या तोंडून नव्हे, म्हणून शिकले. भाषा शिकणे म्हणजे सही करणे नव्हे. ते वाचणे आहे. सही करण्याआधी वाचावे, हे तर मी छत्तीस वर्षे खातेदारांना सांगत आलो!

म्हणूनच मला एका गोष्टीचे वाईट वाटले. २०१९ च्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात, शाळेत शिकता येतील अशा परकीय भाषांच्या उदाहरणांत चिनीचे नाव होते. २०२० च्या अंतिम धोरणात कोरियन आली, थाई आली, पोर्तुगीज आली, चिनी मात्र गळाली. चीन सरकारच्या मदतीने चालणाऱ्या कन्फ्यूशियस संस्थांची तपासणी करायचे सरकारने ठरवले, ते मी समजू शकतो. दुसऱ्याच्या पैशाने चालणाऱ्या वर्गात दुसऱ्याची गाऱ्हाणी ऐकू येत नाहीत. पण त्यावर उपाय आपले वर्ग काढणे हा आहे, वर्गच नको हा नव्हे. आपल्या पैशाने, आपल्या विद्यापीठात, आपल्या प्राध्यापकांनी चिनी शिकवावी. त्यात कन्फ्यूशियसही असावा, तिआनानमेनही असावे आणि गलवानही असावे.

आता तिसरी गोष्ट. हा आक्षेप कोणी घेतला नाही, पण मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. चिनी शिकायची ती केवळ चीनसाठी नव्हे, आपल्यासाठी.

सातव्या शतकात ह्युएन त्संग भारतात आला. आता त्याचे नाव शुआनझांग असे लिहितात. इ.स. ६४१ च्या सुमारास तो पुलकेशीच्या राज्यात, आपल्या महाराष्ट्रात होता. त्याने इथली माणसे कशी लिहून ठेवली आहेत? उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत. संकटातल्या माणसाने हाक मारली तर स्वतःचे भान न ठेवता धावतात. सूड घ्यायचाच झाला, तर आधी शत्रूला सावध करतात आणि शरण आलेल्याला मारत नाहीत. बलाढ्य हर्षालाही हे लोक नमले नाहीत, असेही त्याने नोंदवले. ऐहोळेच्या ६३४ च्या शिलालेखात पुलकेशीचा दरबारी कवी हेच म्हणतो. पण तो पडला राजाच्या पदरचा. ह्युएन त्संग परका होता, म्हणून त्याच्या साक्षीचे वजन. डोंगरातल्या अंधाऱ्या दरीत कोरलेला एक विहार आणि त्याच्या दाराशी दगडी हत्ती, असेही वर्णन त्याने केले. ते अजिंठ्याचे असावे, असे अभ्यासक मानतात. सोळाव्या लेण्याशी ते हत्ती आजही आहेत.

हे सगळे आपण वाचले केव्हा आणि कसे? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्तानिस्लास ज्युलियाँ या फ्रेंच पंडिताने तो ग्रंथ फ्रेंचमध्ये नेला. १८८४ मध्ये सॅम्युएल बील यांचे इंग्रजी भाषांतर आले. तिथून ते आपल्या शाळेच्या इतिहासात. म्हणजे मराठी माणसाने स्वतःचाच चेहरा पाहिला तो फ्रेंच-इंग्रजांच्या आरशात. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणे म्हणतात ते हेच.

आणि आपली स्वतःची ओंजळ करणारी माणसे आपल्यात नव्हती असे नाही. पुण्याचे प्रा. पु. वि. बापट हे फर्ग्युसनमध्ये पाली शिकवणारे विद्वान. 'विमुत्तिमग्ग' नावाचा एक प्राचीन बौद्ध ग्रंथ संपूर्ण रूपात उरला होता तो फक्त चिनी भाषांतरात. बापटांनी त्याची पालीतल्या 'विसुद्धिमग्गा'शी तुलना केली आणि ते पुस्तक १९३७ साली पुण्यात छापले. पुढे १९७० मध्ये आकिरा हिराकावा या जपानी विद्वानासह त्यांनी पाली विनयावरच्या टीकेचे चिनी रूप इंग्रजीत आणले. प्रकाशक, पुण्याची भांडारकर संस्था. त्यांच्याच पिढीतले वा. वि. गोखले चिनी आणि तिबेटी जाणत होते. सदाशिव-नारायण पेठेत राहून चिनी पोथ्या वाचणाऱ्या त्या माणसांना 'उपयोग काय' हा प्रश्न कोणी विचारला नसेल का? विचारलाच असणार, पुणे आहे ते!

लॉकरच्या भाषेत सांगतो. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात. एक बँकेची, एक तुमची. एकट्या कुठल्याही किल्लीने दार उघडत नाही. भारतात नष्ट झालेले शेकडो ग्रंथ चीनमध्ये भाषांतर होऊन राहिले. एकटा ह्युएन त्संग ६४५ मध्ये परतला तेव्हा ६५७ ग्रंथ घेऊन गेला. तो आपला ठेवा त्यांच्या तिजोरीत आहे. संस्कृत-पालीची किल्ली आपल्याकडे आहे. दुसरी चिनीची. दोन्ही एका हातात असणारी माणसे आज आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. लॉकरचे भाडे थकले नाही, पण किल्ली घेऊन कोणी येतच नाही.

आमच्या ठाण्याचाही चीनशी एक जुना धागा आहे. १३२१ साली ठाण्यात चार ख्रिस्ती धर्मोपदेशक मारले गेले. पाठोपाठ ओडोरिक नावाचा इटालियन प्रवासी आला, त्याने त्यांच्या अस्थी घेतल्या आणि समुद्रमार्गे चीनच्या झैतून बंदरात नेल्या. आजचे च्वानझौ ते हेच. त्या काळी ठाण्याहून चीन इतका जवळ होता. पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबईतून चीनकडे जहाजे निघाली ती कापूस आणि अफू भरून. मुंबईच्या कित्येक इमारतींच्या पायात तो पैसा आहे. चिनी माणूस ते विसरलेला नाही. त्याच्याशी बोलताना आपणही ते ठाऊक असलेले बरे.

आणि मग सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनला गेले. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. चिनी शिकले, चिनीतून विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केले. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. चीनमध्ये आजही त्यांचे नाव आदराने घेतात. कोटणीसांनी भाषा शिकली नसती तर ते एक परदेशी डॉक्टर राहिले असते. भाषा शिकले म्हणून त्यांचे झाले.

आठ दिवसांनी बापलेक पुन्हा आले. हे सगळे मी त्यांना सांगितले. मुलीलाही दोन गोष्टी ऐकवल्या. म्हटले, ही वाट सोपी नाही. वर्तमानपत्र वाचायला दोन-तीन हजार अक्षरे पाठ हवीत आणि सहा महिने सोडलीस तर ती उडून जातात. निव्वळ पदवीने कोणी बोलावणार नाही. जोडीला अर्थशास्त्र घे, कायदा घे, नाहीतर संस्कृत-पाली घे. आणि मोहात पडू नकोस. ना त्यांच्या प्रचाराच्या, ना आपल्याकडच्या रागाच्या.

ती म्हणाली, "आजोबा, मराठी माणसाला चिनी उच्चार सोपे जातात, माहितीये? आपला 'चार'मधला च वेगळा आणि 'चोर'मधला वेगळा. चिनीतही तसे दोन आहेत. हिंदीवाल्यांना दुसरा शिकावा लागतो, आपण घरूनच घेऊन जातो." मग तिने सांगितले की त्यांच्याकडच्या एका सुगंधी पांढऱ्या फुलाला 'मोली' म्हणतात आणि तो शब्द आपल्या 'मल्लिके'वरून गेला. बापाने विचारले, "म्हणजे आपला मोगरा?" ती म्हणाली, "मोगऱ्याचीच जात हो, बाबा." पहिल्यांदाच त्यांनी मुलीकडे वळून प्रश्न विचारला होता, माझ्याकडे नव्हे. मी चहाचा कप उचलला. 'चहा' हा शब्दही तिकडचाच, हे मात्र तिने सांगायच्या आधी मला ठाऊक होते.

तिने अर्ज भरला आहे. प्रवेश मिळेलच असे नाही. स्पर्धा आहे. बापाची काळजी गेलेली नाही. हॉस्टेल, दिल्लीची थंडी, पुढची नोकरी, सगळे आहे. माझ्याकडे त्यांना द्यायला हमी नाही. पण या वेळी मी 'अस्पष्ट' असा शेरा मारलेला नाही.

परवा सकाळी स्टेशनवर ते भेटले. गाडी नेहमीप्रमाणे उशिरा होती. म्हणाले, "काका, घरी वेगळीच पंचाईत. ही रात्री चार प्रकारे 'मा, मा' करत बसते. एकदा म्हणजे आई, एकदा घोडा, एकदा ताग, एकदा शिव्या देणं. आमची आई झोपेतून उठून विचारते, अरे, गाय कुणाची सुटलीय?"

तेवढ्यात गाडी आली. गर्दीत चढताना ते मागे वळून ओरडले, "पण घोड्याचा सूर मला आता जमतो हं!"